केळनेकाठची धग

केळना नदीच्या काठावर उभे राहा आणि साडेएकोणीसशे वर्षं मागे चला. भोकरदनचं बसस्टँड, कापसाच्या गाड्या, मोबाइलची दुकानं, सगळं पुसलं जातं. गावाचं नाव आता भोगवर्धन आहे. सातवाहनांचं राज्य आहे. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगराकडे आणि तिथून उत्तरेला जाणारे व्यापारी इथे मुक्काम करतात. गाव सधन आहे. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. याच मातीतून १९७३च्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथल्या एका घरात होती.

तुम्हाला मात्र कुंभाराकडे जायचंय. वस्तीवर धूर येणार नाही अशा बाजूला त्याने आवा रचलाय. कच्च्या मडक्यांचे थर, मध्ये गोवऱ्या आणि काटक्या, वरून मातीचा लेप. जवळ जा. पाच पावलांवर ऊब लागते, तीन पावलांवर चेहरा चरचरतो, त्यापुढे पाय उचलत नाही. कुंभार तिथेच उकिडवा बसून आहे. मोजायला त्याच्याकडे काही नाही. फटीतून दिसणारा रंग तो बघतो. आधी काळपट लाल, मग उजळ लाल, मग केशरीकडे झुकणारा. ठरलेला रंग आला की तो इंधन घालायचं थांबवतो. आव्याच्या पोटात नेमका किती ताप आहे ते सांगणारं साधन निघायला अजून सतराशे वर्षं आहेत, आणि ते काढणाराही कुंभारकामातलाच माणूस असेल. इंग्लंडचा जोसाया वेजवुड १७८२ साली मातीच्या वड्या भट्टीत किती आकसतात त्यावरून ताप मोजायला लागेल.

आवा निवल्यावर मडकी बाहेर येतात. सातवाहन काळात दख्खनमध्ये सगळीकडे दिसणारी ही काळी-तांबडी भांडी, बाहेरून लाल, आतून आणि काठाशी काळी. राखेत उपडी ठेवलेली तोंडं कोंडली गेली, तिथे हवा पोचली नाही म्हणून काळी राहिली. बाहेरच्या अंगाला हवा लागली, मातीतल्या लोहाला प्राणवायू मिळाला, ती लाल झाली. कुंभाराला प्राणवायू ठाऊक नाही, पण कुठे कोंडायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे त्याच्या बोटांना पक्कं ठाऊक आहे.

मडक्याचा हा रंग बदलला कसा, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद चालला. कणादाच्या वैशेषिक परंपरेतले लोक म्हणत, अग्नीचे कण मडक्यावर आदळतात, मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, एकेका परमाणूचा काळा रंग जाऊन लाल येतो आणि ते पुन्हा जुळून मडकं तयार होतं. हे इतक्या झपाट्याने घडतं की डोळ्यांना कळत नाही. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटत नसे. मडकं सुटं झालं तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळली असती, ते म्हणत. मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात, अग्नी त्यांतून आत शिरतो आणि अख्खं मडकं, आहे तिथेच, भाजतो. हा पिठरपाकवाद. प्रशस्तपादांच्या भाष्यात या पाकाची नीट मांडणी आहे आणि पुढचे टीकाकार तिच्यावर हिरिरीने भांडत राहिले.

यावरून आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यात त्यांचाच खरा मोठेपणा झाकला जातो. त्यांनी प्रश्न अचूक धरला होता. आग वस्तूच्या आत जाते तेव्हा बदल होतो तो कणांत की अख्ख्या वस्तूत, हा तो प्रश्न. कमी पडलं ते वजन, माप, आव्यातून मडकं मध्येच काढून बघणं. वाद पोथीत राहिला आणि कुंभार आव्याशी. दोघांची गाठ पडली असती तर काय झालं असतं, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच परंपरेतली एक वर्गवारी पुढे उपयोगी पडेल, ती लक्षात ठेवा. तेजाचे चार प्रकार त्यांनी सांगितले: चुलीतलं भौम, सूर्य-विजेचं दिव्य, सोन्यासारख्या खनिजातलं आकरज आणि पोटात अन्न पचवणारं उदर्य. माणसाच्या अंगातली ऊब आणि आव्यातली ऊब त्यांनी एकाच यादीत बसवली होती.

आता नदी वाहते त्या दिशेने चालत राहा आणि चालता चालता सतरा शतकं ओलांडा.

२३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. पावसाळा सरत आलाय आणि ढग हटल्यावरचं ऊन अंगाला टोचतंय. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य इथे पसरलंय. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हानोवरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आहेत. समोरून आर्थर वेलस्ली सकाळपासून वीसेक मैल चालून आलेली, संख्येने कितीतरी लहान फौज घेऊन येतोय. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क करून त्याने पिंपळगावाजवळ केळना ओलांडली आहे. दुपार उलटताना तोफा सुरू होतात.

तुम्ही शिंद्यांच्या एका गोलंदाजाशेजारी उभे आहात. तोफ पितळी आहे, ओतीव, आणि इतकी नीट घडवलेली की पुढे इंग्रज अधिकारीही या तोफांची वाखाणणी करतील. बार उडाला की ओल्या बोळ्याचा दांडा नळीत खुपसायचा, आतली ठिणगी विझवायची, दारू भरायची, गोळा भरायचा, पुन्हा बत्ती. दहा-बारा बार झाल्यावर नळीला हात लावून बघा. लावता येत नाही. गोलंदाजांच्या अंगावर काजळी आणि घामाचे ओघळ आहेत. इंग्रजी पलटणी अंगावर येतात तरी ते हलत नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतात आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर तोफा वळवतात. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मेलेले किंवा जखमी झालेले असतील आणि ९८ तोफा त्यांच्या हाती लागलेल्या असतील.

पितळेच्या नळीतली ही उष्णता आली कुठून? दारू जळाली म्हणून, असं उत्तर तुम्ही द्याल. पण त्या वर्षी युरोपातल्या एखाद्या विद्वानाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की उष्णता हा एक द्रव आहे. त्याचं नाव कॅलॉरिक. त्याला वजन नाही, तो डोळ्यांना दिसत नाही, गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहतो. लाव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा प्रकाशाच्या जोडीने कॅलॉरिकलाही तिच्यात स्थान दिलं. ही कल्पना वेडगळ नव्हती. वस्तू तापल्यावर फुगते ती हा द्रव आत शिरतो म्हणून, बर्फ वितळतो तो हा द्रव पिऊन, असं तिच्यातून बरंच काही सुटत होतं. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या दशकात ताप आणि उष्णतेचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवलं होतं. वितळताना बर्फ उष्णता घेत राहतो पण त्याचा ताप चढत नाही, या गुप्त उष्णतेचं त्याचं निरीक्षण आजही जसंच्या तसं उभं आहे.

असईच्या तोफेला हात लावता न येण्याच्या पाच वर्षं आधी, म्युनिकमध्ये एका तोफेनेच कॅलॉरिकला पहिला मोठा धक्का दिला होता. तिथे क्षणभर डोकावून या. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रम्फर्ड, बव्हेरियाच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरून घेतोय. घोडे चक्र फिरवतात, बोथट पोलादी गिरमिट पितळ घासत राहतं. त्याने त्या पितळाभोवती पाण्याची पेटी बसवलीय, त्यात सुमारे साडेआठ किलो पाणी आहे. अडीच तासांनी पाणी उकळायला लागतं. आग कुठेही नाही. बघणारे अवाक होतात. रम्फर्ड विचारतो, हा द्रव पितळात साठलेला असेल तर तो संपत का नाही? घासत राहिलं तर उष्णता निघतच राहते. जी गोष्ट अमर्याद निघू शकते ती पदार्थ असू शकत नाही, ती गतीच असली पाहिजे. १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हा निबंध वाचला गेला. तरीही कॅलॉरिक आणखी पन्नास वर्षं टिकला, कारण त्याच्यावर गणित बसत होतं आणि गतीवर अजून बसत नव्हतं.

रम्फर्डच्या प्रयोगात घोडे होते, आणि त्या घोड्यांना चारा लागत होता. चाऱ्यापासून उष्णतेपर्यंतचा हा हिशेब पुरा करायचं काम एका जहाजावरच्या डॉक्टरने सुरू केलं, तेही उष्ण प्रदेशात येऊन. १८४० साली युलियस रॉबर्ट मायर डच जहाजातून जावा बेटावर पोचला. खलाशांची नस कापून रक्त काढताना त्याला दिसलं की नीलेतलं रक्त युरोपात असतं त्यापेक्षा लालभडक आहे. त्याने कारण शोधलं: बाहेर एवढं गरम असताना शरीराला ऊब राखायला कमी जाळावं लागतं, म्हणून प्राणवायू कमी खर्च होतो. तिथून तो या निष्कर्षाला आला की अन्न, श्रम आणि उष्णता ही एकाच ऐवजाची रूपं आहेत आणि त्यांच्या देवघेवीत काहीही हरवत नाही. मॅंचेस्टरच्या मद्यभट्टीवाल्या घरातल्या जेम्स ज्यूलने मग तो विनिमयाचा दर काढला. वजन खाली सोडायचं, त्याने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं. ७७२ पौंड वजन एक फूट उतरलं की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापतं.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असा उकाड्यातल्या माणसाच्या रक्तातून सुचला. त्यानंतर मात्र विज्ञान यंत्रांकडे वळलं आणि त्या माणसाकडे परत यायला त्याने फार वेळ घेतला. मला सांगायचंय ते हेच, म्हणून तुम्हाला पुढेही आगीशेजारी कोण उभं आहे ते बघायला लावणार आहे.

१९०३. जालना स्टेशन. निजामाच्या मुलखातून हैदराबादला मनमाडशी जोडणारी मीटरगेज लाइन नुकतीच सुरू झालीय. सरकीचा आणि कापसाच्या गाठींचा वास आहे. १८९९-१९००च्या दुष्काळाची आठवण लोकांच्या अंगावर अजून दिसते. इंजिनाच्या पायरीवर चढा. फायरमन भट्टीत कोळसा टाकतोय. दार उघडलं की त्याचा चेहरा लाल उजेडात येतो, बंद झालं की काळा होतो. एवढा कोळसा जळतो पण त्यातला फार थोडा भाग चाकांपर्यंत पोचतो, नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता धूर, वाफ आणि मोकळ्या हवेत जाते. सादी कार्नोने १८२४ सालीच दाखवलं होतं की ही गळती फक्त कारागिराच्या चुकीची नाही. गरम आणि थंड यांच्यातला फरक जेवढा, तेवढंच काम मिळू शकतं, त्याहून जास्त कुठल्याही यंत्राला मिळणार नाही. क्लाउसियसने १८६५ साली त्या एकमार्गी प्रवासाला एंट्रॉपी हे नाव दिलं.

खाली उतरून फलाटाच्या दगडावर उभे राहा. हा बेसॉल्ट आहे, मराठवाड्याच्या पायाखालचा काळा कातळ. ब्रिटनमध्ये लॉर्ड केल्विन या वृद्ध आणि अत्यंत मानी शास्त्रज्ञाने उष्णतेच्या गणितावरून पृथ्वीचं वय काढलंय. तप्त गोळा निवायला किती वेळ लागेल, हा हिशेब. १८९७ साली त्याने आकडा दोन ते चार कोटी वर्षांवर आणला. तुमच्या पायाखालचा लाव्हा सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे जालन्याचा हा दगड केल्विनच्या अख्ख्या पृथ्वीपेक्षा वयाने मोठा आहे. गणितात खोट नव्हती. पृथ्वीच्या पोटातली उष्णता आतल्या आत कशी फिरते हे त्याने धरलं नव्हतं, आणि खडकातले किरणोत्सारी पदार्थ सतत उष्णता देतात हे तर कुणालाच माहीत नव्हतं. याच १९०३ साली पॅरिसमध्ये प्येर क्युरी आणि लाबोर्द यांनी मोजलं की रेडियम आपल्या वजनाइतका बर्फ तासाभरात वितळवेल एवढी उष्णता न थांबता देतं.

भोगवर्धनच्या आव्याशी ऐकलेला वादही याच सुमारास पुन्हा पेटलाय. उष्णता म्हणजे परमाणूंची धडपड, आणि ती एकमार्गी वाहते कारण विस्कळीत होण्याच्या वाटा असंख्य असतात, असं व्हिएन्नाचा लुडविग बोल्ट्झमान सांगतोय. परमाणू कुणी पाहिलेत, असं त्याला मोठमोठी माणसं विचारताहेत. तो १९०६ साली गेला. दोनच वर्षांनी ज्याँ पेरॅंच्या प्रयोगांनी परमाणूंच्या बाजूने निकाल द्यायला सुरुवात केली.

गाडीने मनमाडला जा, तिथून पुण्याला, आणि तीस वर्षं पुढे. भारतीय हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून इथे आलंय. एल. ए. रामदास नावाचे शास्त्रज्ञ शेताच्या उघड्या जमिनीलगत, बोटा-बोटाच्या उंचीवर तापमापकं मांडून बसलेत. निरभ्र, वारा पडलेली रात्र आहे. पुस्तक म्हणतं की अशा रात्री जमीन आकाशाकडे उष्णता टाकून निवते, त्यामुळे सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून असली पाहिजे. रामदासांचे पारे सांगतात की सगळ्यात थंड थर जमिनीपासून काही इंच वर आहे. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा उपकरणांत दोष असेल असं बाहेरच्या अनेकांनी मानलं. तो थर खरा निघाला. आज तो रामदास थर म्हणून ओळखला जातो आणि बंगळूरच्या संशोधकांनी किरणांच्या हिशेबाने त्याचा उलगडा करायला पुढची कित्येक वर्षं घातली. दिवसा हेच लोक काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून बघायचे. काळी माती ऊन पिते, पांढरा थर ते परत फेकतो, आणि खालची जमीन कितीतरी अंश थंड राहते.

या पुण्याच्या मुक्कामाचं महत्त्व मला फार वाटतं. तापमापक कुठे ठेवला यावर उत्तर अवलंबून असतं, हे इथे कुणीतरी गुडघे टेकून, जमिनीलगत वाकून दाखवलं. बातम्यांत आपण ऐकतो तो आकडा लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीतला असतो, जमिनीपासून चारेक फूट वर, मोकळ्या जागी, सावलीत. पिकाच्या देठाशी, डांबरी रस्त्यावर, पत्र्याखाली काय चाललंय ते त्या पेटीला कळत नाही.

आता जालन्याला परत या, आपल्याच काळात. औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी. भंगाराचे ढीग, स्पंज आयर्नच्या गोण्या, डोक्यावरून सरकणारी क्रेन. ज्या सळयांवर महाराष्ट्रातली असंख्य घरं उभी आहेत त्या इथून निघतात. भट्टीच्या फलाटावर चढा. खाली बघा: धगधगता पांढरट पिवळा रस, मध्यभागी फुगून आलेला, सतत ढवळला जाणारा. आग शोधा. सापडणार नाही. मुशीभोवती तांब्याची पोकळ नळी गुंडाळलीय, नळीतून थंड पाणी फिरतंय आणि तांब्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज वाहतेय. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या नियमाने ती वीज समोरच्या भंगारात भोवऱ्यासारखे प्रवाह जागे करते आणि ज्यूलने १८४१ साली सांगितलेल्या नियमाने ते प्रवाह लोखंडाला आतून तापवतात. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, भट्टी त्याहूनही वर, सोळाशेच्या घरात नेतात. टनामागे पाचशे-सहाशे युनिट वीज लागते. रम्फर्डच्या प्रेक्षकांना हे दाखवायला हवं होतं.

एक कामगार लांब दांड्याच्या टोकाला कागदी नळीतला तापमापक लावून रसात बुडवतो. आकडा लाल अक्षरांत उमटतो. "हीट तयार," असं कुणीतरी ओरडतं. रस ओतला जातो, त्याचे बिलेट, म्हणजे लांब ठोकळे, बनतात, आणि रोलिंग मिलमधून लाल सळई सापासारखी सळसळत बाहेर पडते. आता बघण्यासारखी गोष्ट आहे. हजारेक अंशांची ती सळई पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. एखाद्या सेकंदात बाहेरची कातडी काळी पडते, कडक होते, काचेसारखी ठिसूळही होते. पण सळईचं पोट अजून लाल आहे. फवाऱ्यातून बाहेर आल्यावर पोटातली उष्णता बाहेर सरकते, काळी कातडी पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि तिचा ठिसूळपणा जातो. बाहेरून कडक, आतून लवचीक. सळईचा तुकडा कापून, घासून त्याला आम्ल लावलं तर कडेचं गडद कडं डोळ्यांना दिसतं. आतली उष्णता किती वेगाने बाहेर येईल हे सांगणारं समीकरण जोसेफ फूरियेने १८२२ साली छापलं. उष्णता द्रव आहे की गती, यात तो पडलाच नाही. ती वाहते कशी एवढंच त्याने पकडलं, आणि दोनशे वर्षं झाली तरी जालन्याच्या सळया त्याच समीकरणाच्या मर्जीने घडतात.

फलाटावरचा कामगार पुष्कळदा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. गळ्यातला गमछा त्याने पिळून पुन्हा बांधलाय. रसाचं तापमान दर हीटला, म्हणजे दर घाण्याला, दोन-तीनदा मोजलं जातं. भट्टीच्या नळीत फिरणाऱ्या पाण्याचं तापमान अखंड मोजलं जातं, कारण ते चढलं तर तांबं जळेल. त्या माणसाच्या अंगाचं तापमान मात्र सहसा कुणी मोजत नाही. भोगवर्धनचा कुंभार, असईचा गोलंदाज, इंजिनावरचा फायरमन आणि हा, या चौघांनी आगीशेजारी उभं राहून उष्णतेचं विज्ञान घडू दिलं, आणि चौघांपैकी कुणाच्याही अंगाची नोंद त्या विज्ञानाने ठेवली नाही.

शरीरावर प्रयोग झाले होते, हे खरं. १७७४ साली चार्ल्स ब्लॅगडेन लंडनमध्ये आपल्या मित्रांबरोबर १२० अंश सेल्सियसहूनही गरम खोलीत शिरला. सोबत नेलेलं मांस शिजलं, अंडी कडक झाली, माणसं मात्र चालत बाहेर आली. हवा कोरडी होती आणि त्यांना घाम येत होता. ब्लॅकने शोधलेली तीच गुप्त उष्णता त्यांना वाचवत होती. लिटरभर घाम उडून जाताना शरीरातून जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातो. १९०५ साली जॉन हाल्डेनने कॉर्नवॉलच्या खाणींत पाहिलं की हवेचा ताप तेवढा धोकादायक नसतो, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक काय दाखवतो त्यावर माणसाचं जगणं अवलंबून असतं. १९५७ साली अमेरिकी लष्कराने कवायतीत उष्माघाताने कोसळणाऱ्या जवानांसाठी एक निर्देशांक वापरात आणला: ओल्या फडक्याच्या आकड्याला सात भाग वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्याला दोन, सावलीतल्या पाऱ्याला फक्त एक. बातम्यांत येतो तो आकडा या हिशेबात दहातला एक भाग आहे.

शेवटचा मुक्काम मे महिन्यातला, जिल्ह्यातल्या एका खेड्यात. पूर्वी इथे माळवदाची घरं होती, जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं धाबं. दिवसाचं ऊन त्या जाडीतून आत यायला रात्र व्हायची. दर पावसाळ्याआधी वर माती टाकायला माणूसबळ लागतं, गळती लागते, लाकूड मिळत नाही, म्हणून लोकांनी पत्रे टाकले. पत्रा पाऊस अडवतो. ऊन तो दुपारी जसंच्या तसं खाली सोडतो. डोक्यावर तवा तापत ठेवल्यासारखं होतं. विल्यम हर्शेलने १८०० साली इंद्रधनुष्याच्या लाल टोकापलीकडे तापमापक धरून जे न दिसणारे किरण पकडले, तेच वरून तुमच्या अंगावर येताहेत. स्टेफानने १८७९ साली सांगितलं की ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात. साठ अंशांचा पत्रा सत्तावीस अंशांच्या छतापेक्षा दीडपट किरण टाकतो.

रात्रीचे दहा वाजलेत. घरातली बाई अंगणात बाज टाकतेय.

"आत लय उकडू राह्यलं, दादा. बाहीरच पडा."

तिच्या सासूला दमा आहे, लेकीला बाहेर झोपवायला मन धजत नाही, म्हणून त्या दोघी आत आहेत. आत जाऊन भिंतीला हात लावा. दिवसभराची धग तिच्यात अजून आहे आणि ती आता खोलीत उतरतेय. भिंतीवर खिळ्याला एक छोटं नोंदयंत्र टांगलेलं दिसेल. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेच्या संशोधकांनी जालना आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या खेड्यांत अशी यंत्रं घरांच्या आत लावली. त्याच कामात दिल्ली, ढाका आणि पाकिस्तानातल्या फैसलाबादची गरीब घरंही होती. २०२२ साली हे सगळे आकडे कुणालाही वापरता येतील अशा रीतीने प्रसिद्ध झाले. म्युनिक, ग्लासगो, मॅंचेस्टरच्या यादीत जालन्याच्या खेड्यातलं पत्र्याचं घर आलं, याचा मला अभिमान वाटतो.

सकाळी सहाला ती पऱ्हाट्या वेचायला निघते आणि अकराच्या आत परत येते. वाकून काम करताना स्नायू जेवढं जाळतात त्याच्या चौथाई-पाचव्या हिश्श्याचं काम होतं, बाकी सगळी उष्णता. मायर आणि ज्यूलचा हिशेब तिच्या अंगातल्या उदर्य तेजातही चालतो, आणि ती उष्णता बाहेर टाकायला हवा तेवढी कोरडी आणि पाणी तेवढं जवळ असावं लागतं. मजुरी देताना मे महिन्यातलं खोदकाम आणि जानेवारीतलं खोदकाम एकाच दराने मोजणाऱ्याने ज्यूल वाचलेला नाही.

परत आल्यावर ती डोक्यावरचं पाण्याचं भांडं उतरवते आणि नोंदयंत्राकडे बोट दाखवून विचारते, "याच्यानं समजंल का, पत्र्याला चुना मारला तर किती फरक पडन ते?"

समजेल. तिच्या छताला चुना लावायचा, शेजारचं तसंच पत्र्याचं घर आहे तसं ठेवायचं, दोन्हीकडे झोपणाऱ्याच्या उशाशी एकेक यंत्र टांगायचं, आणि मे संपायच्या आत आठवडाभर थांबायचं.